वाढत्या अंगाचा तंबू

आमच्या लहानपणी कपडे मापाचे शिवत नसत, वाढत्या अंगाचे शिवत. शाळा सुरू होण्याआधी वडील आम्हा दोघा भावांना शिंप्याकडे घेऊन जात. शिंपी गळ्यातली टेप काढून माप घेई, आकडा मोठ्याने म्हणे आणि प्रत्येक आकड्यावर वडील म्हणत, "अजून दोन इंच धरा." पहिल्या वर्षी ती चड्डी करगोट्यात खोचून सांभाळावी लागे, दुसऱ्या वर्षी ती अंगाला बरोब्बर बसे आणि तिसऱ्या वर्षी अंग तिच्यात बसत नसे. तीन वर्षांतलं एकच वर्ष काय ते आम्ही आपल्या मापात असायचो.

हे आठवायचं कारण असं की मध्यंतरी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, मी एका दुकानात तंबू बघत उभा होतो आणि तिथला पोरगा मला म्हणाला, "काका, एकाचा कशाला घेताय? दोनचा घ्या. पुढेमागे कुणी बरोबर आलं तर?"

पुढेमागे! माझं पुढचं आणि मागचं त्या पोराला ठाऊक असतं तर तो असं बोलला नसता. आमचा सहाजणांचा ट्रेकचा कंपू होता. त्यातल्या एकाचा गुडघा गेला, एक नातवंडं सांभाळायला कॅनडात गेला, एकाला डॉक्टरांनी जिना चढायलाही मनाई केली. उरलेल्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही, त्यामुळे एकाला बोलावलं की दुसरा येत नाही, आणि पहिलाही ऐन वेळी कळवतो की जमत नाही. राहिली बायको. ती लग्नानंतर एकदा राजमाचीला आली होती, आणि उतरल्यावर लोणावळा स्टेशनच्या बाकावर बसून तिने सांगून टाकलं, "अहो, आता पुन्हा डोंगरात न्यायचं असेल तर हेलिकॉप्टर बघा." बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मी मधल्या वारी, गर्दी नसताना, एकटा जातो.

एकट्याने जाणाऱ्या माणसाला आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात. एसटीचा कंडक्टर तिकीट फाडताना विचारतो, पायथ्याच्या हॉटेलवाला पाण्याचा ग्लास ठेवताना विचारतो, वाटेत गुरं वळणारा पोरगा विचारतो: "एकटेच?" त्या 'च'मध्ये सगळं आलं. घरी भांडण झालं का, काही बरंवाईट करायचा विचार तर नाही ना, की जमीन बघायला आलात? पूर्वी मी खुलासे द्यायचो. हल्ली "मागून येतायत" असं सांगतो. तंबूच्या दुकानात मात्र ही थाप चालेना. मागून येणाऱ्यांसाठी तंबूचं माप वाढवावं लागणार होतं.

त्या मापाची गंमत आधी सांगतो. मी मूळचा कराडचा. आमच्याकडे वडापची जीप असते. नऊ माणसांच्या जीपमध्ये सोळा बसली तरी वडापवाला खाली उभा राहून म्हणतो, "जरा सरका, अजून दोन बसत्यात." माझी अशी खात्री आहे की तंबूच्या पिशवीवर 'दोन माणसांसाठी' असं छापणारा माणूस पूर्वी वडाप चालवत असणार. झोपायची साधी चटई वीस इंच रुंद असते. कारखानदार दोन चटया शेजारी शेजारी ठेवतो, इकडेतिकडे चार बोटं सोडतो आणि म्हणतो, झाले दोन. हा जो त्याचा 'माणूस' आहे त्याला कोपर नसतात. तो कुशीवर वळत नाही. त्याच्याजवळ सॅक नसते, बूट नसतात आणि रात्री उठायची वेळ त्याच्यावर कधी येत नाही. म्हणून जाणकार सांगतात की दोनचा तंबू एकाला ऐसपैस होतो, तीनचा दोघांना. आणि एकाचा? या प्रश्नावर जाणकार पिशवीची चेन लावू लागतात.

बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरला एक तमिळ गृहस्थ होते. कपाटात फायली मावत नसल्या की ते एक कथा सांगायचे, ती इथे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तिरुक्कोविलूर गावी एका पावसाळी रात्री पोयगै आळवार नावाचे संत एका अरुंद बोळकांडीत आसऱ्याला थांबले. जागा जेमतेम आडवं होण्यापुरती. तेवढ्यात दुसरे संत, भूतत् आळवार, भिजत आले आणि म्हणाले, जागा आहे का? पहिले म्हणाले, इथे एकाला झोपता येतं, दोघांना बसता येईल, या. दोघं बसले. मग तिसरे आले, पेय आळवार. आतून उत्तर गेलं की दोघांना बसता येतं, तिघांना उभं राहता येईल, या. तिघं अंधारात उभे राहिले आणि थोड्या वेळाने त्यांना वाटू लागलं, चौथं कुणीतरी मध्ये घुसून रेटतंय. तो खुद्द विष्णू होता. पुढची कथा भक्तीची आहे आणि मोठी आहे. आमचे गृहस्थ मात्र इथे थांबून, खांद्याने कपाटाचं दार रेटत म्हणायचे, "जगह होती है साहब, पोझिशन बदलनी पडती है."

दुकानातून मी त्या दिवशी नुसताच परत आलो. कॅनडावाल्या मित्राचे दोन तंबू त्याच्या इथल्या घरात पडून होते, एक एकाचा आणि एक दोनचा. ते उसने आणले आणि नाक्यावरच्या वाण्याच्या काट्यावर ठेवले. वाण्याला वाटलं रद्दी आहे. एकाचा सव्वा किलो भरला, दोनचा एक किलो नऊशे. फरक साडेसहाशे ग्रॅमचा. "एवढ्यासाठी काटा करायला आलात?" वाणी म्हणाला. त्याला काय सांगणार? घरी बसलेल्याला साडेसहाशे ग्रॅम म्हणजे पाऊण किलोलाही कमी. पाचनईच्या वाटेवर, कातळाच्या चढाला, तेच साडेसहाशे ग्रॅम खांद्यावर बसून कानात बोलतात.

बायकोला हा हिशोब सांगितला, तेव्हा ती डबा भरत होती. दहा धपाटे, दाण्याची चटणी, मेतकूट, वर गुळाच्या पोळ्या. एका रात्रीच्या मुक्कामाला. मी म्हटलं, "अगं, हे दोघांचं झालं." ती म्हणाली, "असू दे. पुढेमागे कुणी भेटलं तर?" मी वाण्याकडे परत गेलो नाही, पण तो डबा साडेसहाशे ग्रॅमच्या बराच वर असणार.

ओझ्याचा विचार निघालाच आहे तर मला नेहमी मोगलांचं आश्चर्य वाटतं. अकबराच्या एका मुक्कामाचा सरंजाम वाहून न्यायला किती जनावरं लागत ते अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवलंय: १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि वर १०० हमाल. शिवाय असे दोन संच. बादशहा एकात झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामी उभा राहायला निघालेला असे. म्हणजे एकाचा की दोनचा हा घोळ तिथेही होता, फक्त आकडा जरा वरचा. पुढे औरंगजेब दख्खनेत उतरला तो परत गेलाच नाही, आयुष्याची शेवटची पंचवीसेक वर्षं त्याने इथेच, पुष्कळशी छावणीत काढली. इतक्या अनुभवानंतर तरी तंबू कुठे ठोकावा हे कळायला हवं होतं. पण १७०० साली खवासपूरला माण नदीकाठी छावणी पडली असताना रात्री पूर आला, एकच हलकल्लोळ झाला, त्या गडबडीत बादशहा पडला आणि गुडघा दुखावून घेतला. उरलेला जन्म तो थोडा लंगडतच चालला. तंबू लहान असो की मोठा, नदीच्या पात्रापासून लांब ठोकावा, हे आमच्या कंपूतल्या नवख्यालाही माहीत असतं. नव्या पोरांना मी हे सांगतो तेव्हा खवासपूरचा दाखला देतो. तो औरंगजेबाचा असल्यामुळे पोरं खूश होऊन लक्षात ठेवतात.

आपल्या बाजूला राहुट्या होत्या, सुटसुटीत. पण एका माणसाचा अस्सल तंबू बघायचा तर मावळात किंवा कोकणात भातलावणीला जावं. बांबूच्या कामट्या आणि पानांचं इरलं डोक्यावरून पाठीवर घेतलं की बाई चिखलात ओणवी, तिच्यावर तिच्यापुरतं छप्पर. ती दोन पावलं मागे सरली की छप्परही सरतं. धनगराच्या घोंगडीची खोळ तशीच. पावसात डोक्यावर, थंडीत अंगावर, रात्री अंगाखाली. इरलं दोघांचं असतं का, असं कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि एमा गेटवुड! या बाईंवर माझा फार जीव आहे. १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ११ मुलांची ही आई अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल एकटीने चालून गेली. तीन हजार किलोमीटरहून जास्त. निघताना मुलांना एवढंच सांगितलं की जरा फिरून येते. पायात कॅनव्हासचे साधे बूट, खांद्यावर हाताने शिवलेली पिशवी आणि तंबूच्या जागी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. अकरा मुलं वाढवलेल्या घरात त्या बाईला दार लावून एकटं बसता येण्याची जागा न्हाणीघर हीच असावी, असं मला वाटतं. त्यातला पडदाच काढून तिने बरोबर घेतला. हा माझा तर्क झाला, इतिहास नव्हे.

असो. दोन्ही तंबू एकेकदा नेऊन बघायचं ठरवलं.

पहिल्यांदा दोनचा नेला, हरिश्चंद्रगडावर, जानेवारीत. मंदिर आणि गुहा सोडून कोकणकड्याच्या अलीकडे, कड्यापासून चांगलं अंतर राखून जागा बघितली. सह्याद्रीत तंबू लावणं म्हणजे खुंट्यांची फजिती. वीतभर मातीखाली सरळ काळा कातळ. खुंटी अर्धी जाते आणि वाकते. शेवटी प्रत्येक दोरी धोंड्याला बांधली, धोंड्यावर धोंडा ठेवला आणि आत गेलो. आत काय सांगू! ओटी, माजघर, सैपाकघर, सगळं. सॅक एका अंगाला, बूट पायथ्याशी, डबा उशाशी, बॅटरी वर टांगलेली. मांडी घालून बसलो, धपाटे खाल्ले, दोन्ही हात ताणून आळस दिला आणि हात कुठेही लागला नाही. वाडा घेतल्याचा आनंद झाला.

रात्री दोनला जाग आली. वारा सुटला होता आणि उजव्या बाजूची रिकामी जागा थंडगार पडली होती. मोठ्या तंबूचं हे कुणी सांगत नाही: तेवढी हवा अंगाच्या उबेवर तापवायची म्हणजे दोन अंगं लागतात, आणि माझ्यापाशी एकच. वाऱ्याने ती रिकामी बाजू सारखी आत येई आणि बाहेर जाई, कुणीतरी श्वास घेत पडल्यासारखी. मी काही भित्रा नाही. तरी बॅटरी लावून बघितलं. मग सॅक उचलून त्या जागेत आडवी ठेवली, तिच्यावर जाकीट घातलं आणि पाठ तिच्याकडे करून झोपलो. पहाटे केव्हातरी अर्धवट झोपेत मी तिला "जरा सरक" म्हणाल्याचं मला स्पष्ट आठवतं. घरी म्हणतो तशाच सुरात. सॅक सरकली नाही. घरीही कुणी सरकत नाही.

एकाचा तंबू मार्चमध्ये नेला, सांदण दरीच्या तोंडाशी, साम्रदला. एका म्हाताऱ्या मावशींच्या वावरात जागा मिळाली. उभारायला सहा मिनिटं लागली, जागा लागली ती दोन सुपं वाळत घालण्याएवढी. ऐटीत होतो. रात्री नऊला अवकाळी पाऊस आला आणि ऐट संपली.

एकाच्या तंबूत पँट बदलणे हा स्वतंत्र विषय आहे. उभं राहता येत नाही, गुडघ्यांवर बसलं तर डोकं छताला लागतं, आणि छताला डोकं लागलं की आतल्या अंगाला साचलेला दमट गारवा केसांत उतरतो. तेव्हा पाठीवर झोपायचं, टाचा आणि खांदे टेकून कंबर उचलायची आणि त्या कमानीखालून ओली पँट काढायची. योगवर्गात याला सेतुबंधासन म्हणतात आणि तिथे ते मला जमत नाही. अर्ध्यावर पोटरीत गोळा आला. पाय झटकायला जागा नाही, ओरडायला लाज वाटते, मावशींचं घर शंभर पावलांवर. सॅक बाहेर पडवीत, म्हणजे कापडाच्या त्या पुढच्या वीतभर झापाखाली, अर्धी आत अर्धी भिजत. आणि श्वासाची वाफ छताला धरून तिचा एकेक थेंब, बरोब्बर कपाळाच्या मध्यावर, सावकाश. महादेवाच्या पिंडीवर अभिषेकपात्र टांगतात ना, तसा. पिंडीची सहनशक्ती मला त्या रात्री कळली.

आणि तरी, सांगू? झोप लागली. दोनच्या तंबूत लागली नव्हती अशी. चारी बाजूंनी कापड अंगाजवळ, पाऊस कानापासून वीतभर, आणि मी मध्ये, शेंगेत दाणा असावा तसा. रिकामी जागाच नव्हती, तेव्हा तिथे कुणी असायचाही प्रश्न नव्हता.

सकाळी चेन उघडून डोकं बाहेर काढलं तर समोर मावशी, हातात कोऱ्या चहाची किटली. त्यांनी तंबू पुढून बघितला, मागे जाऊन बघितला.

"यवढ्याशात झोपला व्हता?"

"हो."

"आमच्या कोंबड्यांचं खुराडं बी मोठं हाय." मग जरा थांबून, "एकलेच?"

माझ्या तोंडात "मागून येतायत" आलं होतं. पण त्या तंबूकडे बघून ती थाप मारणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, "एकटाच."

"मंग बरंय," मावशी म्हणाल्या आणि चहा ओतला. एवढंच. पुढचा एकही प्रश्न नाही.

गेल्या आठवड्यात मी एकाचा तंबू विकत घेतला. दुकानातला पोरगा शेवटपर्यंत म्हणत होता, "काका, पुन्हा विचार करा, पाचशे-सातशे ग्रॅमसाठी जागा सोडताय." त्याला मी शिंप्याची गोष्ट सांगितली नाही. त्याच्या अंगात टी-शर्ट होता तो जन्मल्यापासून तयार मिळणाऱ्यातला.

घरी आल्यावर सोफा भिंतीला सरकवून दिवाणखान्यात तंबू लावून बघितला. नवा तंबू गडावर नेण्याआधी घरात एकदा लावावा, काड्या मोजाव्यात, शिवणी बघाव्यात. मी आत जाऊन पाय ताणले. टाचा एका टोकाला, डोकं दुसऱ्या टोकाला, दोन्हीकडे चार बोटं शिल्लक. बरोब्बर. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी दुसऱ्या वर्षाची चड्डी सापडली.

तेवढ्यात जाळीपलीकडे बायकोचे पाय दिसले.

"चहा घ्यायला बाहेर येताय की आत देऊ?"

"आत दे."

चेन उघडली गेली. दोन कप आत आले, मग एक हात, मग डोकं, मग ती गुडघ्यांवर रांगत सगळीच आली. मी पाय जवळ घेऊन उठून बसलो. ती समोर बसली. गुडघ्याला गुडघा लागला. तिने छताला बोट लावून बघितलं, शिवणीवर नख फिरवलं, खालचं कापड चिमटीत धरलं. साडीच्या दुकानात बघते तसं.

"कितीला पडला?"

मी आकडा जरा वाढत्या अंगाचा सांगतात त्याच्या उलट सांगितला. तिने कपातून एक घोट घेतला आणि काहीच म्हटलं नाही, म्हणजे तिला कळलं होतं.

बाहेर पंखा फिरत होता आणि आत त्याचा वारा येत नव्हता. दोघंही घामाघूम होऊन तसेच बसलो होतो. दुसरा घोट घेतला आणि दाराची बेल वाजली. इस्त्रीवाला असणार, तो या वेळी येतो.

"तुम्ही दाराशी आहात, तुम्ही उठा," ती म्हणाली.

"दाराशी तू आहेस."

"माझा गुडघा आखडलाय. तुम्ही आधी बाहेर व्हा, मग मला हात द्या."

"तू बाहेर झाल्याशिवाय मला वळता येत नाही."

बेल पुन्हा वाजली. मी ओरडून सांगितलं, "दार उघडंच आहे, आत ये!" तो आला, कपड्यांचं गाठोडं छातीशी धरून, आणि जाळीपाशी वाकून आत बघू लागला. एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे.

"दोघंच?" तो म्हणाला.